शंभर टक्के नोकरी

इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं महत्त्व सांगायला डिप्लोमा कॉलेजातून शाळेत आलेला टायवाला पोरगा असा काही रंगात आला होता, की मागच्या बाकावर कसाबसा मावलेल्या शिंप्याला आपली दहावीतली लेक उपग्रह सोडतानाच दिसायला लागली. रोबोटच्या विनोदावर वर्ग खो-खो हसला, आणि जरा वेळानं भिंतीपलीकडच्या वर्गातही तस्संच हसू फुटलं.

"बाबा, मला आपलं दुकानच वाढवायचंय हो," लेक कुजबुजली.

"गप गं! जन्मभर सुईत दोराच ओवणार का?" म्हणत शिंप्यानं शिलाई मशीन विकून आणलेले पैसे टेबलावर ठेवले आणि तिची जागा पक्की करून टाकली. मग आपलं खात्रीला म्हणून विचारलं, "नोकरी नक्की ना, साहेब?"

"शंभर टक्के, काका! मी गेल्याच वर्षी पास झालो. आमच्या बॅचमधला एकही जण घरी बसलेला नाही."

"वा वा! कुठं असतात सगळे?"



"दोघं पलीकडच्या वर्गात बोलतायत, चौघं वरच्या मजल्यावर, आणि बाकीचे आज दुसऱ्या शाळांमध्ये गेलेत."