जो हरीन, तो सांगीन

पौर्णिमाला पाहायला धम्मरत्न रिसोडहून मेडशीत आला. मोठ्यांनी "बोला मोकळेपणानं" म्हणत दोघांना आतल्या खोलीत बसवलं.

"मले लग्न नाई करायचं," पौर्णिमा म्हणाली.

"मलेबी नाई. तुमी सांगून द्या घरी."

"मी काहून? तुमी सांगा ना."

दोघांच्याही मोबाइलमध्ये राक्षसांच्या लढाईचा एकच गेम निघाला. मग ठरलं, जो हरीन, तो घरी नकार सांगीन.

हरायचं नव्हतं म्हणून धम्मरत्नने सहाही राक्षस बचावाचे घेतले, जाड सालीचे, मार खाल्ला की झोपून बरे होणारे. पौर्णिमाने त्याहून जाड घेतले. पहिल्या तासात तिच्या कासव-राक्षसाने त्याच्या भोपळा-राक्षसाला दोन चिमटे काढले. भोपळा झोपला, बरा झाला, उठला. दुसऱ्या तासात भोपळ्याने कासवाला एक चिमटा काढला. कासव झोपलं.

"मारा ना आता एखादा टोला," धम्मरत्न जांभई देत म्हणाला.

"मारनारा घेतलाच नाई मी. तुमी मारा."

"माह्याजवळबी नाई."

तिसरा तास संपत आला तेव्हा दार उघडलं. तिची आई लिलाबाई साखरेची वाटी घेऊन उभी होती. मागून पौर्णिमाच्या मामाचा आवाज आला, "तीन घंट्यापासून बोलून राह्यले पोट्टे! साक्षगंधाची तारीख काढा."

नाही म्हणायला दोघांनी एकदमच तोंड उघडलं. लिलाबाईंनी दोघांच्याही तोंडात साखर घातली.