अर्धा तारा

उज्जैनात दोनच नामी सिनेसमीक्षक. एक मृणालचे बाबा, दुसरे सुमीतचे. एकाने डोक्यावर घेतलेला सिनेमा दुसऱ्याने झोडपलाच म्हणून समजा. वीस वर्षांत एकदाही मत जुळलेलं नाही.

मृणालने चहाचा कप पुढे ठेवत चेहरा पाडला. "बाबा, मला सुमीतशी लग्न करायचंय. पण त्याच्या बाबांनी आमच्या जोडीला अर्धाच तारा दिलाय."

"अर्धा? त्याला कशातलं काय कळतं!" बाबा ताडकन उठले. "पाचपैकी पाच! रिश्ता पक्का!"

मृणालने गच्चीवर धाव घेऊन सुमीतला फोन लावला. "अर्ध्या ताऱ्याची थाप चालली! बाबांनी पाच दिले!"



"मीही इकडे तुझ्या बाबांच्या नावावर हीच थाप मारली," सुमीतला हसू आवरेना, "आमचे बाबा बँड ठरवायला कधीच देवास गेटला पोचले!"