अकरा मिनिटं

हवालदार नंदा खरात पंचनामा लिहायला बसली, तेव्हा इंदूबाई डोळे मिटून एकच वाक्य पुटपुटत होत्या. "आई, तू जेवून घे." त्यांच्या मांडीवर जीव सोडताना प्राची, त्यांची मुलगी, एवढंच बोलली होती.

"खून मी डोळ्यांनी बघितलाय. सगळी आठवण घ्या, पण हे वाक्य तेवढं राहू द्या, बाई."

"आठवण पुरावा म्हणून काढून घेतली की डोक्यात तिची नक्कल ठेवता येत नाही हो. पुराव्यात ढवळाढवळ झाली म्हणून आरोपी सुटेल."

दोन पंचांसमोर इंदूबाईंच्या कानामागे यंत्र लागलं. अकरा मिनिटांची आठवण, नंतरच्या सगळ्या उजळण्यांसकट, डबीत गेली. डबीवर लाखेचं सील बसलं. ते आता कोर्टातच फुटणार होतं.

नियमाप्रमाणे नंदाने पंचनामा वाचून दाखवला. प्राची गेली हे इंदूबाईंना ठाऊक होतं, पण ती आपल्या मांडीवर गेली हे त्यांना त्या कागदावरून कळलं. बराच वेळ रडून त्यांनी विचारलं, "जाताना माझ्याशी काही बोलली का हो ती?"

नंदाने पंचनाम्याची घडी घातली.

"पंचनाम्यात तसं काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. मग तिने आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही जेवून घ्या, इंदूबाई."