दालनातलं बाक

कुणालाही घरबसल्या आपल्या चित्रांचं प्रदर्शन मांडता यावं, असं वेब-अ‍ॅप त्याने एकहाती उभं केलं होतं. पहिलं प्रदर्शन बायकोचं, आज संध्याकाळी खुलं होणार. पडद्यावर पांढरं दालन, भिंतीवर बारा चित्रं, मधोमध शोभेला गादीचं रिकामं बाक.

"अरे, बाक परत चित्राजवळ सरकलंय," ती म्हणाली.

"छे! आपोआप कसं सरकेल? मीच ठेवलंय ना ते?" त्याने कोडमधले जागेचे आकडे पक्के केले. "झालं. आता कुणाचा बाप हलवतोय बघू!"

त्याने पान नव्याने उघडलं.

बाक ठरल्या जागीच होतं. फक्त चित्रांकडे पाठ फिरवून ते या दोघांकडे वळलं होतं. आणि गादी शेजारीशेजारी दोन जागी, कुणी टेकावं तशी, हळूहळू दबत होती.