कुलूप घातलेली डिस्क

ओफिर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचा आवाज उरला तो फक्त त्याच्या 'हिला' नावाच्या बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीत. इस्राएलमधल्या रामला गावातल्या घरी त्याची आई फ्लोराबाई, मुलांची 'इमा', दिवसभर तीच लावून बसायची. पुढेपुढे डिस्क अडकायला लागली. कॉपी निघू नये म्हणून स्टुडिओवाल्याने तिला कुलूप घातलं होतं, आणि तो स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता.

हिला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला होती. कुलूप तोडणं गुन्हा ठरेल या धास्तीने ती थांबली होती. शेवटी तिने साहेबांनाच विचारलं.

"कायदा याबाबतीत स्पष्ट नाही," ते म्हणाले. "पण डिस्क तुमची आहे आणि कॉपी घरातच राहणार आहे. काढ."

शुक्रवारी दुपारी ती कॉपी घेऊन माहेरी आली. दार वडिलांनी, रेऊबेननी उघडलं.

"आबा, आता इमाला काळजी नको. ही बिघडली तर आणखी एक काढता येईल."

रेऊबेननी डिस्क हातात घेतली, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.


"तिला सांगू नको, पोरी. पहिली मीच रोज थोडी थोडी घासत होतो. ते बघत बसून ती अन्नालाही शिवत नव्हती."