चाळिसावं नाव

"आमच्या घरात कुणी आजारी नाही," हाज ताहरने तिसऱ्यांदा सांगितलं आणि डॉक्टर वसीलाच्या पेल्यात बदाम घातलेला चहा पुन्हा ओतला.

तेवढ्यात माडीवर काहीतरी धपकन पडलं.

"मांजर आहे," हाज म्हणाला.

"चांगलंच जड दिसतंय तुमचं मांजर."

या भागात पिढ्यान्‌पिढ्या चुलत्याच्याच घरात मुली देत आलेत. त्यातून हा आजार पसरला. विशीत चाल बिघडते, मग पाय जातात, मग बोलणं. आता कुठे एक औषध हाती लागलं होतं. संशोधनाला सरकारने पैसा मंजूर केला, पण अट घातली: आज पाचच्या आत चाळीस रुग्णांची यादी हवी. एक जरी कमी भरला, तर पैसा परत आणि औषधही बंद. वसीलाकडे एकोणचाळीस नावं होती.

"नुसतं नाव द्या, हाज. ते मंत्रालयात जाईल, गावात नाही."

"माझ्या नजलाचा होणारा सासरा मंत्रालयातच कारकून आहे, पोरी. भाऊ असा आहे कळल्यावर तिला सून करून घेईल तो?"

"म्हणून पोराला जिवंतपणी पुरायचं? तुमच्या अब्रूपायी एकोणचाळीस जणांचं औषध तुटेल. लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर दार लावून ठेवतो."

वसीलाला शिसारी आली. त्या माडीवरच्या बंद खोलीतला कोंदट, मुताचा वास तिला खाली बसूनही येत होता. चहा तसाच टाकून ती उठली.

कैरवान शहरातल्या आपल्या घरी परतताना ती वाटभर हाजला मनातल्या मनात शिव्या घालत राहिली. सरकारने कितीही पैसा ओतला तरी असल्या लोकांपुढे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. किळस येते, दुसरं काही नाही.

ती घरी पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. आईने बैठकीत खजुराच्या वड्यांची बशी मांडली होती. धाकट्या बहिणीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते. वसीलाने यादी उघडली. चाळिसावी ओळ कोरी होती.

"वसीला, आटप," आई दबक्या आवाजात म्हणाली. "गाडी दारात आली त्यांची."

वसीलाने एकोणचाळीस नावांचीच यादी पाठवून दिली, आणि आपल्या भावाला चाकाच्या खुर्चीसकट मागच्या खोलीत लोटून बाहेरून कडी घातली.