आडवे सासूबाईंचे, उभे मामंजींचे

"काका, नाव काय तुमचं?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मेंदूच्या ऑपरेशनपासून मामंजी नुसते भिंतीकडे बघत होते.

सासूबाईंनी पिशवीतून पेपर काढला. रोजच्या शब्दकोड्यातले आडवे शब्द त्यांचे, उभे मामंजींचे, हा आमच्या घरचा कायदा. आडवे त्यांनी भरून आणले होते. मामंजींच्या हातात त्यांनी पेन्सिल दिली.

मामंजींची नजर कोड्यावरून फिरली, थबकली. उभ्या चौकटी तशाच सोडून त्यांनी एका आडव्या शब्दावर काट मारली. "साफ चुकलाय हा, कालिंदी!"

डॉक्टर हसले. मी मात्र चक्रावले. सासूबाईंचा शब्द चुकलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

"जन्मभर माझी चूक शोधतायत," डोळे पुसत त्या माझ्या कानात म्हणाल्या. "म्हटलं, आज सापडू दे एक."